बेअरिंग पाकीट

बदलापूर पूर्व
९ मार्च २०२५

आई,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मोबाईलवर लिहून पाठवलं तर तुम्हाला ते उघडता येत नाही, शेजारची सोनिया मोठ्याने वाचून दाखवते आणि अख्खा मजला ऐकतो. म्हणून पत्र. बदलापुरातून उल्हासनगरला पत्र टाकायला पोस्टाची पेटी शोधत फिरणारी या शहरात मी एकटीच असणार. दोन पानवाल्यांना विचारलं, दोघांनीही मला वेड्यात काढलं. शेवटी पेटी मिळाली, तर तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली.

येत्या ऑगस्टमध्ये प्रमोदला जाऊन दोन वर्षं होतील. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही कॅम्प पाचच्या जुन्या खोलीत परत गेलात. "माझं सामान तिकडं आहे" म्हणालात. सामान म्हणजे एक शिलाई मशीन आणि दोन पिंपं! इथली तुमची खोली मी तशीच ठेवली आहे. कपडे तेवढे तिथे वाळत घालते. संध्याकाळी कुलूप उघडून आत आले की पहिल्यांदा टीव्ही लावते. बघत नाही, नुसता लावते. हे सांगायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

ऑफिसात नवं काम आलंय. बारवी धरणाच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या ओढ्यावर लोखंडी साकव टाकायचाय. तो मोरिवलीच्या एका शेडमध्ये बनेल. बनण्याआधी संगणकावर त्याची परीक्षा घेणं माझं काम. सगळा साकव बारीक तुकड्यांत कापायचा, त्याच्यावर माणसं, वारा, ऊन असं एकेक ठेवायचं आणि कुठे लाल होतो ते पाहायचं. लाल म्हणजे ताण जास्त, निळं म्हणजे निवांत. तुम्ही जीन्सच्या कारखान्यात शिवण ओढून बघायचात ना, तसंच. फक्त मला ओढायला खरं कापड नाही.

त्यात डोकेदुखी सांध्यांची. साकव दोन्ही काठांच्या ओट्यांवर नुसता टेकलेला असतो. मध्ये रबराची जाड गादी असते, तिला बेअरिंग म्हणतात. पण संगणकाला टेकणं कळत नाही. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की त्या जन्माच्या चिकटल्या असं तो आपल्या मनाने धरून चालतो. तसं नाही, हे आपण सांगावं लागतं, आणि नेमकं कसं आहे ते सांगताना माझाच गोंधळ होतो.

इकडे राहायला या. चार दिवसांसाठी म्हणत नाहीये मी.

तुमची,
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प ५
१७ मार्च

यशू,
जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमनने दोनदा विचारलं, "भिमाबाई तुम्हीच काय?" त्याला वाटलं कोर्टाचं काही आलं. मी म्हटलं, "सुनेचं आहे." तर म्हणतो, "मग कोर्टाचंच की." मेला!

तुझं बेअरिंग वाचून मला हसू आलं. आमच्या वेळी बेअरिंग म्हणजे बिनतिकिटाचं पाकीट. ज्याच्या दारात जाईल त्याने पैसे भरायचे, तेही दुप्पट. माझी आई वांगणीच्या पुढे डोंगराच्या बाजूला राहायची. मास्तरांकडून चार ओळी लिहून घ्यायची, पण तिकीट घ्यायची ऐपत नव्हती. पोस्टमन चाळीच्या तोंडाशीच ओरडायचा, "बेअरिंग आहे हो!" सासूबाई पैसे भरायच्या आणि मग आठवडाभर भाकरीबरोबर मला ते वाढायच्या. एकदा त्यांनी घेतलंच नाही. पाकीट आल्या वाटेने परत गेलं. त्यात माझ्या बापाचं दुखणं लिहिलेलं होतं. मला समजलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

तेव्हापासून ठरवलं, आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकायचं नाही. आजवर एकही पाकीट मी बिनतिकिटाचं टाकलेलं नाही. या पत्राला तर एक तिकीट जास्तच लावलंय, बघ.

आणि म्हणूनच तुझ्याकडे यायचं नाही. तुझा भाऊ चेतन परवा बाजारात भेटला. कल्याणचं स्थळ आलंय म्हणाला, माणूस चांगला आहे. तू छत्तीसची. आधीच्या नवऱ्याची म्हातारी बाहेरच्या खाटेवर कानाला हात लावून बसलेली दिसली तर कोण घरात पाय टाकील? मलाही तुझी आठवण येते. संध्याकाळी दोघींचा चहा टाकते आणि मग एकटीच दोन्ही कप पिते. झोप उडते, दुसरं काही होत नाही.

बाकी ठीक. काल वरून डाळीत चुन्याचा कपचा पडला. म्हटलं, मीठ कमीच होतं.

तुझी सासू,
भिमाबाई


अंबरनाथ
२१ एप्रिल

आई,
जय भीम.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, अक्षर माफ करा. जयंतीला यायचं नक्की केलं होतं, पण इथे सुट्टीच्या दिवशीही बसवलं. तुम्ही वाट पाहिली असणार. डाळीतला कपचा वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची प्रगती घाबरली.

एक आनंदाची गोष्ट सांगते. चूक सापडली! महिनाभर मी दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली होती. वजन ठेवलं की सगळं छान दिसायचं, साकव वाकायचं नाव नाही. मी खूश. मग एप्रिलचं ऊन ठेवलं, तर दोन्ही टोकं लालभडक. लोखंड उन्हाने लांबतं आणि त्याला लांबायला जागाच नाही. आमचे शरदचंद्र सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, इतकं धरून बसलात तर दोघांचंही नुकसान. एक टोक मोकळं सोडा." सोडलं. खरं सांगते, इतकं हलकं वाटलं! सगळं निळं झालं. उगाच धरून बसले होते मी.

संगणक सांध्याचं चित्रसुद्धा दाखवतो. संपर्काचे चार प्रकार, चार रंग. चिकटलेला, सरकता, जवळ आणि दूर. यातल्या 'जवळ'ने मला पहिल्यांदा फसवलं होतं. 'जवळ' म्हणजे टेकलेलं नव्हे. मध्ये फट असते, नुसतं जवळ. आता आमचं एक टोक 'सरकतं' झालंय.

पुढचं नंतर लिहीन, सर हाका मारतायत. चेतनने रविवारी कल्याणला बोलावलंय, त्या माणसाला भेटायला. बघू.

तुमची,
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प ५
१२ मे, बुद्ध पौर्णिमा

यशोधरा,
जय भीम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी सातवी शिकलेली असले तरी इतकं मला कळतं. धरून बसलं की दोघांचं नुकसान. तुला तोंडावर बोलता येत नाही, पहिल्यापासून माहीत आहे मला. म्हणून साकवाच्या आडून बोललीस. बरं केलंस. सोडल्यावर हलकं वाटलं, हेही खरं लिहिलंस. मला राग नाही. कल्याणच्या माणसाशी नीट वाग.

मी माझ्या बहिणीकडे, तुळशीकडे, अकोल्याला चालले आहे. आता तिकडेच राहीन. तिच्या पत्त्यावर पत्रं नीट पोचत नाहीत, तेव्हा लिहू नकोस. सोबत बदलापूरच्या घराची किल्ली पाठवते. ती माझ्याकडे असण्याचं काही कारण नाही. सामान बांधून झालं. पिशव्या स्वयंपाकघरातल्या लोखंडी खांबाला टांगून ठेवल्यात, म्हणजे उंदीर लागायचे नाहीत.

आज विहारात खीर होती. सवयीने तुझ्यासाठी डबा भरून घेतला. मग सोनियाच्या पोरांना दिला.

सुखी राहा.

भिमाबाई


उल्हासनगर, कॅम्प ५
१८ मे

आई,

कुठला खांब?

तुमचं पत्र काल आलं. किल्ली हातात धरून वाचत होते आणि त्या खांबापाशी अडखळले. त्या स्वयंपाकघरात मी सात वर्षं येऊन-जाऊन होते. तिथे खांब नव्हता. आज सकाळी आले तर इमारतीला चहूबाजूंनी पत्रे ठोकलेले आणि वर फलक, धोकादायक इमारत. रखवालदार आत सोडेना. पत्र्याच्या फटीतून तुमची तळमजल्याची खिडकी दिसत होती. स्लॅबखाली लोखंडी टेकू लावलेला, आणि त्याला अजून तुमची निळी दोरी लटकते आहे.

पाडव्याच्या आधीपासून तो टेकू होता म्हणे. डाळीत पडला तो स्लॅब होता, आई! मी ऑफिसात बसून हसले. लोखंड कुठे वाकेल ते शोधायचा मला पगार मिळतो आणि तुम्ही त्या छताखाली डाळ शिजवत होतात. मला तुमचा फार राग आला आहे. माझाही आला आहे.

सोनिया आता मागच्या गल्लीत भाड्याने राहते. तिला विचारलं. म्हणाली, "अकोला-वकोला कुछ नहीं दीदी, आंटी इधरच है. लेकिन मेरे को कसम दी है, मैं नहीं बताएगी." खूप विनवलं. ती रडायला लागली, पण बोलली नाही. चिठ्ठी मात्र पोचवेन म्हणते. तिच्याच ओट्यावर बसून लिहितेय.

साकवाच्या आडून मी काहीही बोलले नव्हते. मला तितकं सुचतच नाही. साकवाबद्दल लिहिते तेव्हा मी साकवाबद्दलच लिहिते. तुमच्या मुलालाही या स्वभावाचा वैताग यायचा, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी सरांनी हाक मारली नसती तर पुढचं लिहिणार होते, ते आता लिहिते.

एक टोक मोकळं करून जमलं, म्हणून उत्साहात मी दोन्ही टोकं मोकळी केली. संगणकाने उत्तरच दिलं नाही. हा साकव कशालाच धरून नाही, नुसत्या वाऱ्याने निघून जाईल, असा इशारा देऊन गणित बंद केलं. मग एक टोक बोल्टने ओट्याशी बांधलं. दुसऱ्याखाली गादी ठेवली, पुढेमागे सरकायला बोटभर जागा दिली आणि बाजूने घसरू नये म्हणून अडसर लावला. उन्हात लांबू दे, थंडीत आखडू दे, गादीवरून खाली उतरायचं नाही. ते जमल्यावर दोन्ही ओट्यांवर किती वजन येतं ते पाहिलं. सारखं येतं, आई. बांधलेल्या टोकाखाली निम्मं आणि मोकळ्या टोकाखालीही निम्मंच. मोकळं टोक म्हणजे सोडून दिलेलं टोक नव्हे. तिथली गादी काढली तर साकव ओढ्यात जाईल.

कल्याणच्या माणसाला भेटले. बरा आहे. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की माझ्या घरी माझी आई असते. तो म्हणाला, "हो का? आता कुठे आहेत?" मी चहा तसाच टाकून उठले.

मला टेकायला कुणी नाही. चेतन आहे, पण तो सल्ले देतो. बदलापूर आणि कॅम्प पाच म्हणजे त्या चित्रातलं 'जवळ' झालंय आपलं, आणि मला ते सहन होत नाही.

किल्ली परत पाठवते. ती तुमची आहे.

यशोधरा


बदलापूर पूर्व
२९ जून

आई,
जय भीम.

हेही सोनियाकडे देतेय. तुम्हाला मिळतं की नाही तेही ती धड सांगत नाही. "दे दिया" म्हणते आणि दुसरीकडे बघते.

उत्तर नाही म्हणून फार लिहीत नाही. साकवाचं काम माझ्याकडून संपलं. सही झाली, कागद मोरिवलीला गेले, तिथे आता लोखंड कापायला घेतलंय. ऑफिसात पेढे वाटले. माझा पेढा कागदात बांधून घरी आणला, आणि कुलूप काढताना लक्षात आलं की कुणासाठी आणला.

स्लॅबखाली लावलेला टेकू छताला चिकटवलेला नसतो. दोघं एकमेकांवर दाब देऊन उभे असतात, इतकंच. हे मी कॉलेजात शिकले होते. विसरून गेले होते.

तुमच्या खोलीतले कपडे अजून वाळले नाहीत. प्रकृतीला जपा, जिथे असाल तिथे.

यशोधरा


विहाराची मागची खोली,
उल्हासनगर, कॅम्प ५
१२ जुलै

यशू,
जय भीम.

दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. सोनियाला दोष देऊ नकोस. तिला मी प्रमोदची शपथ घातली होती. तुळशी अकोल्यातच आहे, पण तिच्या घरात तिलाच धड जागा नाही, मला कुठून असणार? इमारत रिकामी केल्यापासून आम्ही चार बायका इथे विहाराच्या मागच्या खोलीत राहतो. माणसं चांगली आहेत. दिवसभर एकमेकींशी बोलत असतात. मला ओठ हललेले दिसतात.

तुझी मोठी चिठ्ठी वाचली तेव्हा वाटलं, सून हुशार आहे, सासूला समजवायला साकव बांधून दाखवते. मग वाटलं, नाही, हिला खरंच एवढं वळण घेता येत नाही. माझंच डोकं वाकडं चाललं. बिनतिकिटाच्या पाकिटांनी मला असं करून ठेवलंय गं. आपण कुणाच्या दारात गेलो की पुढच्याचं नुकसान, हेच आधी डोक्यात येतं. ओझं एकाचं आणि वाहणारा दुसरा, असंच मी धरून चालले. दोन्हीकडे निम्मं निम्मं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि म्हाताऱ्या माणसावर कुणी टेकत असेल, हे तर माझ्या मनातही आलं नाही. तू टेकायला कुणी नाही असं लिहिलंस, तिथे कागद ओला झाला. पाऊस नव्हता.

गेल्या रविवारी मी बदलापूरला आले होते. तुझ्या इमारतीच्या खाली उभी राहिले. माझ्या खोलीच्या खिडकीत तुझे कपडे दिसत होते आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीचा उजेड हलत होता. किल्ली मुठीत होती. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले. वर जाऊन काय म्हणायचं ते सुचेना. आणि कल्याणचा तो माणूस आला असेल तर, असंही वाटलं. परत फिरले. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की एक बाई वळून बघायला लागली. मोठ्याने दिल्या असतील, मला काय ऐकू येतंय.

त्या माणसाला हो म्हणायचं तर म्हण, नाही तर नको म्हणू. त्यात मी बोलणार नाही. मला सरकायला बोटभर जागा ठेव म्हणजे झालं. आणि कानाचं मशीन घ्यायला तू मागे लागली होतीस, तेही घेईन. लोक म्हणतात कावळे फार मोठ्याने ऐकू येतात. येऊ देत.

तू मार्चमध्ये लिहिलंस की दोन वस्तू लागल्या की संगणक त्या चिकटल्याच असं धरतो. माझं उलटं. लागलेल्या वस्तूसुद्धा मी सुट्या धरते. तुझं गणित तू दुरुस्त केलंस, माझं मी करते आहे. वय झालंय, वेळ लागला.

हे पाकीट मी बिनतिकिटाचं टाकणार आहे. विसरून नाही. माझ्या पेटीत चांगली तिकिटं होती, ती सोनियाच्या पोरांना चिकटवायला देऊन टाकली. आयुष्यात पहिल्यांदा असं करतेय. पोस्टमन तुझ्या दारात ओरडेल, नाही तर आजकाल ओरडत नसतील, कागद पुढे करत असतील. तुला नको असेल तर तू पैसे न भरता परत पाठवशील. परत आलेलं पाकीट कसं दिसतं ते मला माहीत आहे. मागे माझा पत्ता नीट घातला आहे.

पण हे तू वाचते आहेस. म्हणजे पाकीट तू घेतलंस.

आता मला घ्यायला ये. मशीन आहे आणि दोन पिंपं आहेत. टेम्पो आण.

तुझी,
आई